वजन परत वाढलं, तरी डॉक्टरांना तोंड चुकवू नका

आम्ही गटांच्या सहयोगिनी आज पुन्हा तुमच्याशी बोलायला आलो आहोत. रक्त कमी असणं, पाळी जातानाचा त्रास, साखर, बीपी असे विषय आपण याआधी घेतले. आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, हे शहरातल्या बायांचं दुखणं, आपल्याला काय करायचं? विषय आहे वजन कमी करण्याचं ऑपरेशन, आणि ऑपरेशननंतर काही वर्षांनी परत वाढलेलं वजन.

पण हा विषय आपल्याच बैठकांतून आला. गावोगावी फिरताना असं ऑपरेशन झालेल्या बाया आम्हाला भेटल्या. कोणी पुण्याला जाऊन केलं, कोणी नाशिकला, कोणी मुंबईला. आपल्याकडे लठ्ठपणा नाही, असंही आता राहिलेलं नाही. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर १०० बायांमागे सुमारे २४ जणींचं वजन जास्त आढळलं. नुसती खेडी धरली तरी हा आकडा २० च्या आसपास आहे. एकीकडे अंगात रक्त नाही आणि दुसरीकडे वजन जास्त, अशाही बाया आपल्यात आहेत.

त्यांच्यापैकी ज्यांचं वजन फारच जास्त आहे, आणि सोबत साखर, बीपी, गुडघे, झोपेत श्वास अडकणं असे त्रास आहेत, त्यांना डॉक्टर हे ऑपरेशन सुचवतात. हे ऑपरेशन नटण्यासाठी नसतं, आजारासाठी असतं. हे आधी सांगायचं कारण म्हणजे गावात पहिलं बोलणं तेच ऐकू येतं, "बारीक व्हायची हौस केली."

आता आपल्या ओळखीची एक गोष्ट आठवा. एखादीचा कर्जाचा हप्ता थकला की ती पहिल्यांदा काय करते? बैठकीला यायची बंद होते. वाटेत अध्यक्षताई दिसल्या तर दुसऱ्या गल्लीने जाते. आणि आपल्याला अनुभव आहे, जी येऊन सांगते, "बायांनो, या महिन्यात जमत नाही, काय करू," तिचा हप्ता आपण बसवून देतो, मार्ग निघतो. जी लपते तिचं व्याज वाढत जातं. वजनाचंही असंच होतं. ऑपरेशननंतर वजन वाढायला लागलं की बाई पहिल्यांदा डॉक्टरांकडे जायचं सोडते. "काय तोंड दाखवू? एवढा खर्च केला, एवढं समजावून सांगितलं, आणि मी परत जाड झाले." आज एवढंच सांगायचं आहे, की ज्या वेळी तोंड चुकवावंसं वाटतं, नेमकी तीच वेळ डॉक्टरांकडे जायची असते. आणि जाताना काय घेऊन जायचं, काय विचारायचं, तेही सांगायचं आहे.

आधी ऑपरेशनमध्ये काय करतात ते थोडक्यात पाहू. म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

आपल्याकडे मुख्यतः दोन प्रकार होतात. पहिल्याला स्लीव्ह म्हणतात. त्यात दुर्बिणीतून जठराचा पाऊण हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त कापून काढतात. उरते ती केळ्यासारखी लांबट नळी. त्यामुळे थोडं खाल्लं की पोट भरतं. शिवाय जठराच्या ज्या भागात भूक लावणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जास्त तयार होतं, तो भाग निघून जातो, म्हणून भूकही कमी लागते. दुसऱ्याला बायपास म्हणतात. त्यात जठराची छोटी पिशवी करून ती लहान आतड्याला थोडं पुढे नेऊन जोडतात. अन्न आतड्याचा सुरुवातीचा भाग ओलांडून जातं. त्यामुळे भूक, साखर आणि अन्नरस शोषून घेणं, सगळंच बदलतं. बायपासमध्येही एक जोड असलेला आणि दोन जोड असलेला असे प्रकार आहेत. काही जणींना पूर्वी जठराभोवती पट्टा बसवला जायचा, तो आता फारसा कोणी बसवत नाही.

तुमचं किंवा तुमच्या नात्यातल्या बाईचं ऑपरेशन झालं असेल तर यातलं कोणतं झालं, हे माहीत असायलाच हवं. "पोटाचं काहीतरी केलं" एवढ्यावर पुढच्या डॉक्टरांना काही कळत नाही.

आता मोठा प्रश्न. वजन परत का वाढतं?

पहिली गोष्ट ध्यानात घ्या. ऑपरेशननंतर वजन भराभर उतरतं, साधारण एक ते दोन वर्षांत ते सगळ्यात खाली येतं, आणि त्यानंतर थोडं परत चढतं. हे बहुतेकींच्या बाबतीत होतं. स्वीडन देशात १९८७ साली एक मोठा अभ्यास सुरू झाला. ऑपरेशन झालेल्या २,००० च्या आसपास माणसांवर त्यांनी कितीतरी वर्षं लक्ष ठेवलं. दोन वर्षांनी त्यांचं वजन सरासरी २३ टक्के उतरलेलं होतं. दहा वर्षांनी पाहिलं तर मूळ वजनापेक्षा १७ टक्के कमी होतं, आणि वीस वर्षांनी १८ टक्के कमी. त्या काळची ऑपरेशनं आजच्यापेक्षा वेगळी होती. पण बोध आजही तोच आहे. थोडं वजन परत येतं, तरीही वीस वर्षांनंतर माणसं मूळ वजनाच्या बरीच खाली असतात. ऑपरेशन न केलेल्या तशाच माणसांपेक्षा त्यांच्यात मृत्यूचं प्रमाणही कमी निघालं.

असं का होतं? शरीराला वजन कमी होणं म्हणजे दुष्काळ वाटतो. दुष्काळात आपण काय करतो? खर्च आवरतो आणि कुठे दाणा मिळतो का ते बघतो. शरीरही तेच करतं. ते कमी ऊर्जेत चालायला शिकतं आणि भुकेचा इशारा वाढवतं. त्यात १०० किलोच्या शरीराला जेवढं अन्न लागत होतं, तेवढं ७० किलोच्या शरीराला लागत नाही. शिवाय वर्षं सरतात तशी जठराची नळी किंवा पिशवी थोडी सैल पडू शकते. या सगळ्यात बाईचा आळस किंवा हावरटपणा कुठे आला? म्हणून घरच्यांनी टोमणे मारण्याआधी हे समजून घ्यावं. लठ्ठपणा हा साखरेसारखा, बीपीसारखा मुरलेला आजार आहे. ऑपरेशनने तो काबूत येतो, मुळापासून जात नाही.

दुसरी कारणं आपल्या रोजच्या जगण्यात असतात. ऑपरेशन झालेल्या पोटात भाकरी, उसळ, अंडं थोडंसंच मावतं, पण चहा, बिस्कीट, शेव, फरसाण, उपवासाची खिचडी, शेंगदाण्याचा लाडू हे सहज उतरतं आणि पोटात फार वेळ थांबत नाही. म्हणून बाई जेवायला दोनच घास खाते, पण दिवसभर थोडं थोडं तोंडात जात राहतं. आपला चहाच बघा. दिवसाला पाच कप, कपाला दोन चमचे साखर. झाली ५० ग्रॅम साखर, म्हणजे २०० कॅलरी. आणि ती कोणी जेवणात धरतच नाही. तसंच पोरांच्या ताटात उरलेलं. टाकवत नाही, म्हणून आईच्या पोटात जातं. हे आपल्या सगळ्यांच्या घरचं आहे.

तिसरी कारणं वैद्यकीय असतात आणि ती डॉक्टरच शोधू शकतात. थायरॉईडचा बिघाड, पाळी जाण्याचा काळ, बाळंतपण, झोप नसणं, मनाची उदासी. काही औषधांनीही वजन वाढतं. इन्सुलिन, साखरेच्या काही गोळ्या, मानसिक आजारावरची काही औषधं आणि स्टिरॉइड. गुडघेदुखीवर, दम्यावर गावात मिळणाऱ्या बिननावाच्या पुड्यांमध्ये कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं. तशी पुडी चालू असेल तर ती डॉक्टरांना दाखवा. पण बरेच दिवस चालू असलेली पुडी एका दिवसात आपल्या मनाने बंद करू नका, स्टिरॉइड एकदम बंद करणं धोक्याचं असतं. आणि शेवटचं कारण म्हणजे ऑपरेशनच्या जागीच काही बदल झालेला असणं. पिशवी मोठी होणं, जोड रुंद होणं, क्वचित जठराच्या वेगळ्या केलेल्या दोन भागांत वाट तयार होणं.

इतकी कारणं असतील तर "मीच खादाड" म्हणून घरी बसून राहणं बरोबर आहे का, तुम्हीच सांगा.

आता डॉक्टरांकडे जायची तयारी. आपण बँकेत कर्ज मागायला जातो तेव्हा ठराव, पासबुक, फोटो सगळं पिशवीत घालून नेतो. तसंच इथे.

एक साधी वही घ्या. पहिल्या पानावर चार आकडे लिहा. ऑपरेशनच्या दिवशी वजन किती होतं, सगळ्यात कमी किती झालं, आज किती आहे, आणि कोणत्या महिन्यापासून वाढायला लागलं. वजन दर वेळी एकाच काट्यावर करा. अंगणवाडीत, उपकेंद्रात, जिथे सोयीचं असेल तिथे. एखादीचं ऑपरेशनच्या वेळी १०४ किलो होतं. ते ६८ पर्यंत उतरलं. आज ७९ आहे. ती म्हणते, "सगळं पाण्यात गेलं." वहीत मांडून बघा. कमी झाले होते ३६ किलो, परत आले ११, म्हणजे अजून २५ किलो ती खालीच आहे. दोन-तीन किलो वर-खाली होणं तर कोणालाही चुकत नाही. किती वाढलं म्हणजे फार वाढलं, याचं एकच माप डॉक्टरांमध्येही ठरलेलं नाही. म्हणून घाबरायचं नाही, पण आकडा लपवायचाही नाही.

दुसऱ्या पानापासून सात दिवस खाणंपिणं लिहा. जेवण तर लिहाच, पण चहा, चाखून बघितलेली भाजी, लग्नातली बुंदी, रात्री भांडी घासताना खाल्लेला भात, सगळं लिहा. लिहिता येत नसेल तर मुलीला सांगा. ही वही परीक्षेचा पेपर नाही. त्यातून डॉक्टरांना आणि आहारतज्ज्ञांना कळतं की भूक कोणत्या वेळी लागते, पोट किती वेळात रिकामं होतं.

तिसऱ्या पानावर चालू असलेली सगळी औषधं लिहा, नाहीतर त्यांची पाकिटं पिशवीत टाका. अंगदुखीच्या गोळ्याही त्यात आल्या. बायपास झालेल्या बाईने आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत, त्यांनी जोडाच्या जागी जखम होऊ शकते. मिश्री, तंबाखू, विडी, दारू यातलं काही असेल तर तेही सांगून टाका. डॉक्टर पोलीस नाहीत. त्यांना खरं कळलं तरच इलाज बरोबर होतो.

आणि कागद. दवाखान्यातून सोडताना दिलेलं कार्ड, ऑपरेशनची नोंद, जुने रक्ताचे रिपोर्ट. कागद हरवले असतील तर दवाखान्याकडे अर्ज करून मागा. डॉक्टरांसाठी २००२ साली झालेल्या नियमांप्रमाणे रुग्णाने कागद मागितले तर ७२ तासांत द्यावे लागतात, आणि भरती झालेल्या रुग्णाचे कागद तीन वर्षं जपून ठेवावे लागतात. तीन वर्षांनंतरही बऱ्याच ठिकाणी मिळतात, म्हणून विचारून बघायचं. पण शहाणपण यातच, की ऑपरेशन झाल्या झाल्या प्रती काढून ट्रंकेत ठेवाव्यात.

आता प्रत्यक्ष बोलणं. सर्जन घाईत असतात. बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात. आपण आत जातो आणि "बरं नाही वाटत" एवढंच म्हणून बाहेर येतो. म्हणून पहिलं वाक्य घरूनच ठरवून जा. ते असं म्हणता येईल, "डॉक्टर, माझं स्लीव्हचं ऑपरेशन पाच वर्षांपूर्वी झालं. १०४ वरून ६८ झाले होते, आता ७९ आहे. दोन वर्षांपासून वाढतंय. कारण शोधायला मदत करा." एवढ्या चार ओळींत डॉक्टरांना अर्धं चित्र कळतं. सोबत एकीला न्या. नवऱ्यासमोर बोलायचा संकोच वाटत असेल तर बहिणीला न्या, गटातल्या मैत्रिणीला न्या. एकीने बोलायचं, दुसरीने लिहून घ्यायचं.

मग विचारायचे प्रश्न. हे वहीत उतरवून घ्या.

पहिला, माझ्या वजनवाढीचं कारण काय वाटतं, आणि ते तपासायला कोणत्या तपासण्या लागतील? साधारणपणे रक्ताच्या तपासण्या होतात, गरज वाटली तर बेरियम पाजून एक्स-रे काढतात किंवा तोंडातून दुर्बीण घालून जठर बघतात.

दुसरा, माझ्या चालू औषधांपैकी कशाने वजन वाढतंय का, आणि त्याला बदली औषध आहे का?

तिसरा, अंगात कशाची कमतरता आहे का? हा प्रश्न वजनापेक्षाही मोठा आहे. ऑपरेशननंतर लोह, बी-१२, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम कमी पडू शकतं, म्हणून या गोळ्या जन्मभर घ्याव्या लागतात आणि वर्षातून निदान एकदा रक्त तपासावं लागतं. वजन वाढलं म्हणजे अंगात सगळं भरपूर आहे, असं नाही. वजन ८० आणि बी-१२ तळाला, असंही होतं. लोहाची गोळी चहाबरोबर घ्यायची नाही, आणि लोह व कॅल्शियम यांत निदान दोन तासांचं अंतर ठेवायचं. आशाताईंकडून मिळणारी लोहाची गोळी एवढ्यावर पुरते का, तेही डॉक्टरांनाच विचारा.

चौथा, मी रोज किती प्रथिनं खायला हवीत, आणि आमच्या घरात शिजतं त्यातून ती कशी मिळतील? बहुतेकींना दिवसाला ६० ग्रॅम किंवा त्याहून जास्त सांगतात. एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम असतात, घट्ट वरणाच्या वाटीत ६-७, सोयाबीनच्या ५० ग्रॅम कोरड्या वड्यांत २५ च्या आसपास. आहारतज्ज्ञांनी शहरातल्या दुकानातलं काही लिहून दिलं तर स्पष्ट सांगा, "मॅडम, आमच्याकडे ज्वारी, मटकी, हुलगा, अंडी आणि दूध मिळतं. यात बसवून द्या." ताटात आधी उसळ, वरण, अंडं संपवायचं, मग भाजी, शेवटी भाकरी-भात, हा नियम सोपा आहे. पाणी जेवणाबरोबर न पिता अर्ध्या तासाने प्यायचं.

पाचवा, पुढचे उपाय कोणते? इथे नीट ऐका, कारण उपायांच्या पायऱ्या असतात. पहिली पायरी खाणं, चालणं, झोप, समुपदेशन. दुसरी पायरी औषधं. सेमाग्लुटाइड, टिरझेपाटाइड अशी आठवड्याला एकदा टोचायची इंजेक्शनं २०२५ पासून आपल्याकडे वजनासाठी मिळू लागली आहेत. ती भूक कमी करतात आणि ऑपरेशननंतर वाढलेल्या वजनावरही डॉक्टर ती वापरतात. पण ती डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय घ्यायची नाहीत, आणि बंद केली की वजन बहुधा परत येतं. म्हणून किती महिने घ्यावी लागतील आणि महिन्याचा खर्च किती, हे सुरू करण्याआधी विचारा. तिसरी पायरी दुसरं ऑपरेशन, म्हणजे स्लीव्हचं बायपास करणं वगैरे. दुसऱ्या ऑपरेशनचा धोका पहिल्यापेक्षा जास्त असतो. म्हणून पहिल्याच भेटीत कोणी "पुन्हा ऑपरेशन करून टाकू" म्हणालं तर शांतपणे विचारा, "तपासणीत ऑपरेशनच्या जागी काय दोष दिसला? ऑपरेशन नाही केलं तर काय होईल? तुम्ही अशी दुसऱ्यांदाची ऑपरेशनं किती केली? नंतरच्या गोळ्या आणि तपासण्या धरून एकूण खर्च किती?" आणि त्या दिवशी हो म्हणायचं नाही. कागद घेऊन घरी यायचं, दुसऱ्या डॉक्टरांचंही मत घ्यायचं. त्याने पहिले डॉक्टर रागावत नाहीत, आणि रागावले तरी पोट आपलं आहे.

मूल व्हायचं वय असेल तर सहावा प्रश्न. ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नका असं सांगतात. त्यात बायपास झालेल्या बाईने तोंडाने घ्यायच्या पाळणा-गोळ्यांवर विसंबून राहू नये, तांबी किंवा दुसरं साधन कोणतं बरं, हे विचारून घ्यावं.

कधी कधी डॉक्टर रागाने बोलतात. "तुम्ही खाता जास्त, मी काय करू?" अशा वेळी रडू येतं, पाय मागे फिरतात. आमचं सांगणं, वही पुढे करा आणि म्हणा, "डॉक्टर, आठ दिवसांचं खाणं यात आहे. जिथे चुकतंय ते सांगा. पण खाण्याशिवाय आणखी काही कारण आहे का, तेही एकदा तपासा." हे बोलणं उद्धटपणाचं नाही. तरीही ऐकून घेतलं नाही, तर दुसरे डॉक्टर आहेत. ऑपरेशन केलेला दवाखाना लांब असेल, ते डॉक्टर तिथून गेले असतील, तर कागद घेऊन जवळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सर्जरी विभागात जा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन अशा साध्या तपासण्या गावाजवळच्या आरोग्य केंद्रातही होतात.

काही लक्षणांना मात्र वही भरत बसायचं नाही, लगेच दवाखाना गाठायचा. सतत उलट्या, पोटात जोरात दुखणं, काळी शी होणं, दम लागणं, पायाला मुंग्या येऊन चालताना झोक जाणं, डोळ्यांपुढे धूसर दिसणं किंवा गोंधळल्यासारखं होणं. ऑपरेशन पाच वर्षांपूर्वीचं असो की पाच महिन्यांपूर्वीचं, "माझं असं असं ऑपरेशन झालंय" हे समोरच्या डॉक्टरांना पहिल्या वाक्यात सांगायचं.

आमच्या एका गटातल्या ताईंबद्दल सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र सांगत नाही. मघाशी दिलेला १०४, ६८ आणि ७९ चा हिशोब त्यांचाच. ऑपरेशनसाठी घरच्या दोन म्हशी विकल्या होत्या, पाटल्या मोडल्या होत्या. वजन वाढायला लागलं तशी सासूबाई येता-जाता म्हणायच्या, "म्हशी गेल्या आणि चरबी परत आली." ताई तीन वर्षं सर्जनकडे फिरकल्या नाहीत. गोळ्याही बंद केल्या, म्हणाल्या, "आता कशाला आणखी खर्च." पायाला मुंग्या यायच्या, त्याला त्या वात समजत होत्या. शेवटी गटाच्या सचिवताई त्यांना घेऊन गेल्या. तपासणीत बी-१२ आणि रक्त दोन्ही फार कमी निघालं. दुर्बिणीत जठर ठीक होतं, दुसऱ्या ऑपरेशनची गरजच नव्हती. गुडघ्यासाठी चालू असलेल्या पुडीबद्दल डॉक्टरांना संशय आला आणि ती त्यांनी हळूहळू सोडवली. चहाची साखर आणि ताटातलं उरलेलं यांचा हिशोब वहीत निघाला. आठ महिन्यांत वजन ७९ चं ७५ झालं. चारच किलो. पण मुंग्या कमी झाल्या, खुरपायला पुन्हा उभ्या राहिल्या, आणि साखरेची गोळी निम्मी झाली. सासूबाईंना सचिवताईंनी समोर बसवून सांगितलं, "म्हशी दुधासाठी घेतल्या होत्या, ऑपरेशन हिच्या जिवासाठी केलं. जीव शाबूत आहे ना? मग पैसे वाया कसे गेले?"

हेच गटाचं काम आहे. आपल्या गटात, भावकीत असं ऑपरेशन झालेली बाई असेल तर तिच्या वजनावर बोलू नका. "परत सुटलीस गं" हे वाक्य तिने आरशासमोर स्वतःला शंभरदा ऐकवलेलं असतं. त्याऐवजी विचारा, "गोळ्या चालू आहेत का? यंदा रक्त तपासलंस का? दवाखान्यात जायचंय तर मी येऊ?" हळदीकुंकवाला, बैठकीला चहा नको म्हणाली तर आग्रह करू नका. संध्याकाळी चालायला जाताना तिच्या दारात हाक मारा.

आणि जिचं ऑपरेशन अजून व्हायचंय तिनेही हे ऐकून ठेवावं. पैसे जमवताना ऑपरेशनपुरतेच जमवू नका. नंतरच्या गोळ्या, दरवर्षीची तपासणी, जाण्या-येण्याचं भाडं, हेही त्यातच धरा. आरोग्य विमा असेल तर त्यात हे ऑपरेशन कोणत्या अटींवर बसतं ते आधीच लेखी विचारा. आणि सर्जनला पहिल्याच दिवशी विचारा, "काही वर्षांनी वजन परत वाढलं तर तुम्ही मला बघाल का?" ज्या डॉक्टरांना हा प्रश्न आवडतो, त्यांच्याकडे निर्धास्तपणे जा.

या महिन्याच्या बैठकीत हा लेख मोठ्याने वाचा. ज्यांना गरज आहे त्यांनी वहीचं पहिलं पान तिथेच लिहायला घ्यावं, लिहिता येणाऱ्या मैत्रिणीने मदत करावी. तुमचे प्रश्न असतील तर तुमच्या सहयोगिनीकडे द्या, पुढच्या वेळी डॉक्टरांना रेडिओवर बोलावून आपण ते विचारू. तोवर सगळ्यांना नमस्कार.